हरवलेलं कुत्रं, सापडलेलं मांजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासच्या भागात हरवलेली पाळीव जनावरं घरी पोचवायला मदत करणारे आम्ही काही जण आहोत. फोनवर तेच ते प्रश्न येतात, तेही बहुतेक वेळा रात्री अकरानंतर आणि रडवेल्या आवाजात. त्या वेळी सविस्तर बोलणं होत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलंय. घाईत असाल तर पहिले तीन प्रश्न वाचा, चपला घाला आणि बाहेर पडा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

कुत्रा आत्ताच सुटलाय. सगळ्यात आधी काय करू?

पायी शोधायला निघा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचं काम घरातल्या एकावर सोपवा आणि त्यालाच घरी थांबवा. दार किंवा फाटक उघडं राहू द्या, कारण बरीच कुत्री दोन-तीन तासांत आपली आपण परततात आणि बंद दार बघून पुन्हा वळतात. बाकीच्यांनी वाटण्या करून निघायचं. एकाने रोजच्या फिरण्याची वाट धरावी, दुसऱ्याने त्याच्या उलट दिशेला जावं. नुकतंच घर बदललं असेल तर एकाने जुन्या घराकडे जायलाच हवं.

गाडीच्या काचा वर करून, एसी लावून शोधण्यात अर्थ नाही. गाडीतून काही दिसत नाही आणि मुख्य म्हणजे ऐकू येत नाही. गल्लीतली कुत्री नवख्या कुत्र्याला आपल्या हद्दीत खपवून घेत नाहीत. एका गल्लीत भुंकण्याचा गलका उठतो, तो विरतो, मग पुढच्या गल्लीत उठतो. रात्रीच्या शांततेत हा गलका कुठून कुठे सरकतोय ते कान देऊन ऐकलंत, तर तुमचा कुत्रा कुठल्या दिशेने गेला ते समजतं. आमच्या अनुभवात याच्यासारखी दुसरी खूण नाही.

वाटेत प्रत्येक वॉचमन, चहाची टपरी, रिक्षा स्टँड, इस्त्रीवाला, भाजीवाली यांना थांबून विचारा. फोनवर फोटो दाखवा, नंबर कागदावर लिहून द्या. रात्रीत सापडला नाही तर पहाटे साडेचार-पाचला दूधवाले आणि पेपरवाले निघतात त्या वेळी पुन्हा बाहेर पडा. सकाळी घंटागाडी आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंना गाठा. परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना रोज खायला घालणारी एखादी मावशी किंवा काका असतातच, त्यांना तर शोधूनच काढा. त्यांना आपल्या भागातला प्रत्येक कुत्रा तोंडओळखीने माहीत असतो, नवा चेहरा त्यांच्या लगेच लक्षात येतो. हजार जणांनी फॉरवर्ड केलेल्या मेसेजपेक्षा ही माणसं आम्हाला जास्त कामी आली आहेत.

दिसला, पण हाक मारली की लांब पळतो. मालकालाच ओळखत नाही, असं कसं?

भेदरलेल्या कुत्र्याचं असंच होतं. एक-दोन रात्री बाहेर काढल्या, दोन-चार कुत्र्यांनी हुसकावलं, एखाद्या दुचाकीने कट मारला, की समोरून येणारा प्रत्येक माणूस त्याला धोका वाटतो. त्यात पाच-सहा जण नाव ओरडत धावत आले तर तो पळणारच. तुम्ही हाका मारताय हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याला पाठलाग तेवढा दिसतो. हायवेवरचे अपघात पुष्कळदा अशा पाठलागातूनच होतात.

म्हणून मागे धावू नका. बाकीच्यांना लांब थांबवा. ज्याच्यावर त्याचा जीव आहे अशा एकानेच पुढे जावं आणि सरळ न जाता तिरकं जावं. थोड्या अंतरावर जमिनीवर बसावं, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करावी, डोळ्यांत डोळे घालू नयेत. घरी बोलतो त्याच हळू आवाजात काहीबाही बोलत राहावं. आमच्या माहितीतला एक लॅब्रॅडॉर डेअरीच्या मागे दुधाच्या क्रेटच्या फटीत जाऊन बसला होता. नावाने हाक मारली की तो आणखी आत सरके. घरातल्या आजी तिथे फरशीवर बसल्या, त्याच्याकडे पाठ केली आणि रोजच्या पारले-जीच्या पुड्याचा कागद चुरचुरवत स्वतःच बिस्किट खाऊ लागल्या. मग तो पोटावर सरपटत, शेपटी पायात घालून पुढे आला आणि आजींच्या पाठीला नाक लावून थांबला. आजींनी तेव्हाही मागे वळून पाहिलं नाही. आधी पट्ट्यात बोट अडकवलं, मग वळल्या.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला साखळीला लावून सोबत न्या. आपल्या गाडीचं दार उघडं ठेवून बाजूला उभं राहण्याची युक्तीही फिरायला सोकावलेल्या कुत्र्यांवर लागू पडते.

मांजर दोन दिवस दिसलं नाही. तेही असंच शोधायचं का?

नाही, मांजर शोधायची रीत पूर्ण वेगळी. घाबरलेलं कुत्रं पळतं, घाबरलेलं मांजर लपतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात बाराशेहून जास्त हरवलेल्या मांजरांची माहिती गोळा केली होती. त्यातली जी सापडली त्यांतली तीन चतुर्थांश सुटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. जी फक्त घरात वाढलेली आणि चुकून बाहेर पडलेली असतात, ती तर पुष्कळदा त्याच इमारतीत असतात.

तेव्हा गावभर पोस्टर लावण्याआधी आपली सोसायटी उपसून काढा. गाड्यांची बॉनेटं उघडायला लावा, थंडीत इंजिनाच्या उबेला मांजर हमखास जाऊन बसतं. सायकल स्टँडमागचं अडगळीचं सामान, पाण्याच्या टाकीखालची जागा, मीटर रूम, बाथरूमच्या खिडक्या उघडतात तो डक्ट, गच्चीवरचे सोलरचे पत्रे, तळमजल्याच्या बाल्कनीतले रिकामे खोके, सगळं बघा. शेजाऱ्यांना ‘मांजर दिसलं का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुमची बंद खोली, गॅरेज एकदा उघडून दाखवता का’ असं विचारा. गावाला गेलेल्यांच्या फ्लॅटमध्ये, रंगकाम चाललेल्या घरात मांजर कोंडलं गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मांजर तुमच्यापासून चार फुटांवर असेल आणि तरी आवाज देणार नाही. म्हणून रात्री दीड-दोनला, रस्ता शांत झाल्यावर, टॉर्च घेऊन जा. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि गाड्यांखाली, झुडपांत, कठड्यांवर फिरवा. मांजराचे डोळे चकाकतात. मग पाच मिनिटं गप्प उभे राहा. दुखावलेलं मांजर अशा वेळी बारीक आवाजात ओरडतं.

जागा कळली पण हाती लागत नसेल तर प्राणिमित्र संस्थांकडे मांजर पकडायचा पिंजरा असतो, तो मागून आणा. आत सुकट किंवा बोंबील ठेवा. घरात डबा उघडला की शेजारी वैतागतील, पण मांजर येतं. नसबंदी न झालेला बोका गायब झाला असेल तर मात्र परीघ मोठा धरा. माजावर आलेल्या मांजरीच्या मागे तो दोन-तीन गल्ल्या सहज ओलांडतो आणि आठवड्याने फाटका कान घेऊन परततोही.

दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळाला. यात काही वेगळं करावं लागतं का?

आवाजाला घाबरून पळालेला कुत्रा नेहमीपेक्षा लांब जातो आणि एका दिशेने जातो. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. सुतळी बॉम्ब त्याच्यासाठी नेमका काय असतो याची कल्पना आपल्याला करता येणार नाही. शोधताना फटाके कमी असलेल्या बाजूला आधी जा: शेतं, टेकडी, नदीकाठ, बंद पडलेलं बांधकाम. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके उडवायला मनाई आहे. ती किती पाळली जाते ते आपण सगळे जाणतो, पण पहाटे तीन-चारला खरोखर शांतता असते आणि लपलेला कुत्रा तेव्हाच पाणी शोधायला बाहेर येतो.

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत संध्याकाळी सहानंतर कुत्र्याला फिरवायला नेऊच नका. गणपती विसर्जनाच्या दिवशीही तेच, डीजे फटाक्यांपेक्षा बरा नाही.

मेसेज आणि पोस्टरमध्ये काय लिहायचं?

‘आमचा लाडका ब्रुनो काल हरवला, प्लीज जास्तीत जास्त शेअर करा’ या मेसेजमधून कुणाला काही कळत नाही. काल म्हणजे कधी? हा मेसेज आठ महिने फिरत राहतो आणि ‘काल’ तसाच राहतो. गाव, पेठ किंवा उपनगर, आणि पूर्ण तारीख हवीच. आमच्याकडचा नमुना असा:

हरवला आहे
देशी नर कुत्रा, तपकिरी, छाती पांढरी, गुडघ्याएवढा
गळ्यात निळा पट्टा (निसटलेला असू शकतो)
शेवटचा दिसला: वार, तारीख, वेळ, जागा
घाबरलेला आहे. पाठलाग करू नका, पकडू नका.
दिसताच फोटो काढा आणि फोन करा. रात्री कितीही वाजता चालेल.
दोन मोबाइल नंबर

‘पकडू नका’ ही ओळ गाळू नका. चांगल्या मनाची माणसंच त्याला घेरतात आणि आणखी लांब पळवतात. फोटो पूर्ण शरीराचा, आत्ताचा द्या. पिल्लू असतानाचा गोड फोटो उपयोगाचा नाही. जातीचं नाव लिहिलंत तरी रंग आणि उंची लिहा, कारण शिह त्झू म्हणजे काय ते रिक्षावाल्याला माहीत असेलच असं नाही. मराठीत लिहा, जमल्यास खाली हिंदीतही, कारण बांधकामावरचे कामगार आणि बरेच वॉचमन हिंदी वाचणारे असतात. अंगावरची एक खूण मात्र मुद्दाम लपवून ठेवा. कशासाठी, ते पुढे येईल.

पोस्टर कुठे? जनावरांच्या डॉक्टरांकडे, औषधांच्या दुकानात, मटण-चिकनच्या दुकानाबाहेर (तिथे भटकी कुत्री जमतात, तुमचाही जमेल), चहाच्या टपरीवर. विजेच्या खांबांवर आणि सार्वजनिक भिंतींवर चिकटवलंत तर महापालिका दंड करू शकते. दुकानदाराला विचारून आतून काचेला लावलेलं पोस्टर टिकतंही जास्त.

बक्षीस जाहीर करावं का?

करायला हरकत नाही, पण आकडा लिहू नका. ‘योग्य बक्षीस’ पुरे. मोठा आकडा वाचून मुलांच्या टोळ्या कुत्र्यामागे पळू लागतात आणि ठगांना आयतं निमंत्रण जातं. आकडा लिहिलात तर तो द्यावा लागेल, हेही ध्यानात ठेवा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १६८ नुसार मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर सापडलेली वस्तू आणून देणारा त्यासाठी दावा लावू शकतो, आणि बक्षीस मिळेपर्यंत वस्तू अडवूनही ठेवू शकतो. कायद्याच्या लेखी तुमचा ब्रुनो ही वस्तूच.

‘तुमचा कुत्रा आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला. काय करू?

पैसे पाठवू नका. हे फोन ठरलेल्या साच्यातले असतात. ‘मॅडम, तुमचा डॉगी सापडलाय, आम्ही त्याला गावी घेऊन चाललोय, टेम्पोचं भाडं तीन हजार टाका.’ किंवा ‘गाडीखाली आलाय, ऑपरेशन चालू आहे, डॉक्टरला पैसे द्यायचेत.’ पुढे क्यूआर कोड येतो आणि सांगतात की स्कॅन केला की ॲडव्हान्स परत मिळेल. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

शांतपणे म्हणा, ‘व्हिडिओ कॉल करा.’ सबबी सांगितल्या तर ती लपवून ठेवलेली खूण विचारा: ‘मागच्या पायाला काय आहे?’ खरा माणूस वाकून बघेल. ठग पोस्टरवर लिहिलेलंच परत वाचून दाखवेल. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

महापालिकेच्या गाडीने नेला असेल का?

पट्टा नसेल तर शक्य आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटकी कुत्री उचलून त्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करतात, कानाला खाच पाडतात आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. कुठून उचललं याची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करून ‘अमुक तारखेला अमुक भागात गाडी आली होती का, कुत्री कुठल्या केंद्रात नेली’ असं नेमकं विचारा. आणि स्वतः केंद्रावर जा. फोनवर ‘तसा कुत्रा नाही’ असं सांगणाऱ्याने पिंजरे बघितलेले असतीलच असं नाही. लसीकरणाचं कार्ड, परवाना, फोटो सोबत ठेवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं आहे. तुमचा कुत्रा अशा आवाराजवळ हरवला असेल तर केंद्र आणि निवारे पहिल्याच दिवशी गाठा, ‘आणून सोडतील’ या भरवशावर राहू नका.

मुंबईत परळच्या पेटिट रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडचं बैलघोडा हॉस्पिटल, तिथेही चौकशी करा. जखमी जनावरं शहरभरातून तिथे येतात.

पोलीस तक्रार घेतात का?

हरवल्याची नोंद घ्यावी असा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. ठाणे अंमलदार हसला तरी रागावू नका. अर्ज दिला की पुढे कुणी ‘हा माझाच कुत्रा’ म्हणून उभा राहिला तर तुमच्या हातात तारखेचा कागद असतो. कुणी उचलून नेल्याचं सीसीटीव्हीत दिसत असेल तर ती चोरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. तेव्हा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. सोसायट्यांचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते आधी पेन ड्राइव्हवर घ्या.

मायक्रोचिप बसवली आहे. तिच्यावरून लोकेशन कळेल ना?

कळणार नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की चिप आहे म्हणून लोक निवांत बसतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या काचेच्या नळीत बॅटरी नसते, जीपीएस नसतं, तुमचं नावही नसतं. असतो फक्त एक १५ अंकी क्रमांक. स्कॅनर खांद्यांच्या मधोमध काही सेंटिमीटरवर आणला की स्कॅनरच्याच लहरींवर चिप जागी होते आणि क्रमांक सांगते. तो क्रमांक ज्या नोंदवहीत आहे तिथे तुमचा चालू मोबाइल नंबर असेल तरच पुढचं काम होतं.

आपल्याकडे सगळ्यांनी मिळून वापरायची एकच देशव्यापी नोंदवही रूढ नाही, आणि प्रत्येक दवाखान्यात स्कॅनरही नसतो. तरी चिप बसवावीच असं आमचं मत. पट्टा निसटतो, चिप निसटत नाही, आणि मालकी कुणाची असा वाद झाला तर तिच्याइतका पक्का पुरावा नाही. चिपचा क्रमांक लसीकरणाच्या कार्डावर आणि महापालिकेच्या परवान्याच्या अर्जात डॉक्टरांकडून लिहून घ्या. अमेरिकेतून किंवा युरोपातून कुत्रं-मांजर घेऊन परतलेल्या मंडळींसाठी खास सूचना: तुमच्या चिपची नोंद अजून तिकडच्या जुन्या फोन नंबरवर आहे. आज रात्रीच बदला.

मग पट्ट्याला एअरटॅग लावू का?

शहरात उपयोग होतो, पण मर्यादा समजून घ्या. एअरटॅग आसपासच्या आयफोनच्या आधारे जागा कळवतो. कोथरूडात ठीक, मुळशीच्या फार्म हाउसवर त्याचा भरवसा नाही. सिमकार्डवाला जीपीएस पट्टा जास्त खात्रीचा, फक्त तो रोज चार्ज करायचा कंटाळा आला की त्याचाही नुसता पट्टा होतो. आमचा आग्रह आधी पितळी बिल्ल्याचा: त्यावर फक्त मोबाइल नंबर कोरलेला. क्यूआर कोडचे टॅग आकर्षक असतात, पण पहाटे दूध टाकणारा मुलगा कोड स्कॅन करत बसणार नाही. नंबर दिसला तर लावेल.

मला एक कुत्रा सापडलाय. भटका आहे की हरवलेला, हे कसं ओळखू?

जातिवंत दिसतो म्हणजे हरवलेला आणि देशी दिसतो म्हणजे भटका, हा हिशेब सोडा. देशी कुत्री पाळणारी घरं आता भरपूर आहेत. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे आणि बहुधा तो त्याच गल्लीचा आहे. उचलू नका, आधी तिथल्या टपरीवाल्याला विचारा. पण खाच असलेली कुत्री दत्तकही जातात, तेव्हा हाही नियम पक्का नाही.

खरा फरक वागण्यात दिसतो. गल्लीतला कुत्रा रस्ता ओलांडताना गाड्यांचा अंदाज घेतो. हरवलेला मध्येच थबकतो, प्रत्येक गाडीकडे आणि प्रत्येक फाटकाकडे आशेने बघतो. मानेवर पट्ट्याने दबलेल्या केसांची रेघ आहे का बघा. नखं वाढलेली असतील तर तो बहुतेक वेळ घरातल्या फरशीवर राहणारा. ‘बस’, ‘शेकहँड’ म्हणून बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं वापरा.

सापडलेल्याला घरी आणलंय. आता?

पाणी द्या, खाणं थोडं द्या, आणि घरच्या जनावरांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. गोचीड, गॅस्ट्रो, पार्व्हो (कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार) यातलं काय सोबत आलंय ते वरून दिसत नाही. चावला किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. ‘पाळीवच दिसतोय, काही होत नाही’ असं म्हणू नका.

मग चिप आहे का ते स्कॅनर असलेल्या डॉक्टरांकडे तपासून घ्या. जिथे सापडला त्या भागात पोस्टर लावा, तुमच्या भागात नव्हे. यात गफलत फार होते: लोक हडपसरला सापडलेला कुत्रा बाणेरच्या घरी आणतात आणि बाणेरच्या ग्रुपवर टाकतात.

पोस्टरवर सगळं वर्णन देऊ नका. ‘सोनेरी कुत्रा सापडला आहे, ओळख पटवून न्यावे’ एवढंच. जो मालक म्हणून येईल त्याच्याकडे जुने फोटो, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचं नाव मागा आणि त्या डॉक्टरांना फोन लावा. कुत्रा ओळखेलच, असं मानू नका. भुकेला कुत्रा बिस्किट देणाऱ्या कुणाच्याही अंगावर उड्या मारतो. जातीची मादी असेल तर पिल्लांच्या धंद्यासाठी न्यायला येणारेही असतात, तिथे दुप्पट सावध राहा. नेणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो आणि सहीचा कागद घ्या. खरा मालक यात कधी कुरकुरत नाही.

इतका गोड आहे, मीच ठेवून घेतला तर?

मालकाचा शोध न घेता ठेवून घेणं कायद्याला मान्य नाही. मालक कोण ते माहीत असताना, किंवा शोधायचा रास्त प्रयत्न न करता, सापडलेली मालमत्ता आपलीशी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. पोस्टर लावा, पोलीस ठाण्यात लेखी कळवा, काही आठवडे वाट बघा. एवढं करूनही कुणी आलं नाही तर ठेवा, आणि आनंदाने ठेवा. तुम्ही केलेला औषधपाण्याचा खर्च मालकाकडून मागणं गैर नाही, पावत्या जपा.

मालक सापडला, पण तोच म्हणतो ‘आम्हाला नको’.

असे फोन आम्हाला मे महिन्यात, बदल्यांच्या आणि सुट्ट्यांच्या दिवसांत जास्त येतात. जनावराला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड मात्र १० ते ५० रुपये. हो, पन्नास रुपये. म्हणून आम्ही भांडण्यात वेळ घालवत नाही. ‘मी मालकी सोडत आहे’ असं लिहून घेतो, लशीचं कार्ड घेतो आणि नवं घर शोधायला लागतो.

खिडकीत पोपट येऊन बसलाय. बोलतोही. कुणाचा असेल?

हिरवा, लाल चोचीचा आपला पोपट असेल तर तो पाळणंच बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला लागू होतो. ‘पोपट सापडला’ अशी जाहिरात देऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तारा कासवाचंही तेच. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल तर तो परदेशी पक्षी, त्याची सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते आणि पायात बहुधा क्रमांकाची कडी असते. कडीचा फोटो काढा आणि कडीवरचा क्रमांक पोस्टरवर छापू नका. पक्षी उडाला असेल आणि तुमचा असेल तर त्याचा पिंजरा दार उघडून गच्चीत ठेवा. अंधार पडायच्या आधीचा तास महत्त्वाचा.

गाय, म्हैस किंवा शेळी हरवली तर?

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक हीच तिची ओळख, तो घरी लिहून ठेवलेला असावा. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या कोंडवाड्यात आधी बघा. तिथे दर दिवसाचा दंड आणि चाऱ्याचा खर्च चढत जातो. मग आजूबाजूच्या आठवडे बाजारांत चक्कर मारा आणि पशुधन पर्यवेक्षकाला क्रमांक कळवा.

प्रवासात सुटला, आता आम्ही दुसऱ्या गावात आहोत.

रेल्वेत असेल तर १३९ या रेल्वे हेल्पलाइनला फोन करा. महामार्गावर असेल तर त्याच जागी परत जा. तुमचा घातलेला, न धुतलेला शर्ट आणि त्याची चादर तिथल्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर ठेवून त्या लोकांना नंबर द्या. अनोळखी मुलखात कुत्रा पुष्कळदा सुटल्या जागेच्या आसपासच घुटमळतो. घाटात असेल तर स्थानिक गुराख्यांना विचारा.

किती दिवस शोधायचं?

पहिला आठवडा जीव तोडून. वर सांगितलेल्या मांजरांच्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत जिवंत सापडली होती, पण त्यानंतर सापडणारीही होती, अगदी काही महिन्यांनी. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दमाने घ्या. पोस्टर पावसाने गळली की नवी लावा, दर रविवारी केंद्राला आणि निवाऱ्यांना भेट द्या, खायला घालणाऱ्या मंडळींशी बोलणं चालू ठेवा. रस्त्यावर मेलेली जनावरं उचलणाऱ्या महापालिकेच्या विभागालाही एकदा विचारा. हे विचारवत नाही हे आम्हाला माहीत आहे. घरातल्या कुणाला जमत नसेल तर आम्ही फोन करतो.

परत आला! आता काय करायचं?

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, वरून धडधाकट वाटला तरी. पंजे, दात, कान, गोचीड तपासून घ्या. दुसऱ्या कुत्र्यांनी चावलं असेल तर रेबीजच्या बूस्टरचं विचारा. उपाशी पोटावर एकदम भरपूर मटण घालू नका, दोन दिवस थोडं थोडं, दहीभात किंवा उकडलेलं चिकन. मांजर असेल तर घरातलं दुसरं मांजर त्याच्यावर फिस्कारेल, कारण त्याचा वास बदललेला असतो. एक-दोन दिवस वेगळं ठेवा.

पोस्टर काढा आणि जिथे जिथे मेसेज टाकला तिथे ‘सापडला’ असं तारखेसह लिहा. मूळ मेसेज डिलीट केला तरी त्याच्या प्रती फिरत राहतात. एका बाईंना त्यांचा पग सापडून तीन वर्षं झाली, तरी अजून दर दिवाळीत कुणीतरी फोन करून विचारतं, ‘तुमचा कुत्रा हरवलाय ना? आमच्या इथे एक दिसतोय.’ त्या फोन ठेवत नाहीत. आधी विचारतात, ‘कुठे दिसतोय?’ आणि पत्ता आम्हाला कळवतात. त्या पत्त्यांवर कुणा ना कुणाचा कुत्रा खरंच असतो.